द्राक्षातल्या मिलीबगच्या ममीतून चार प्रकारचे बारीक कीटक निघाले. यातले मित्र कोणते?

द्राक्षबाग_दिंडोरी

नमस्कार मंडळी,

दिंडोरी तालुक्यात थॉमसनची बाग आहे, वाय पद्धतीची. गोडी (फळासाठीच्या) छाटणीला ११० दिवस झालेत, मण्यात पाणी उतरलंय. ओलांड्याच्या (वेलीच्या आडव्या फांदीच्या) खालच्या बाजूला, सुट्या सालीत आणि काही घडांच्या देठाशी पिठ्या ढेकूण (मिलीबग) आहे. त्यातले बरेच फुगून पिंपासारखे झालेत. रंग तपकिरी, वरचा कापूस झडलेला आणि नखाने दाबलं तर कडक लागतात. म्हणजे ममी झालेल्या आहेत हे नक्की, आत दुसरा कीटक वाढून ढेकूण मेलेला.

६४ ममी ब्रशने सोडवून एका कॅप्सूलमध्ये एक अशा ठेवल्या. ५२ मधून कीटक निघाले. १० पट भिंगाखाली चार प्रकार दिसतात:

अ) मधाच्या रंगाचे, दीड ते दोन मिलिमीटर. मिशीचा बुडाचा भाग पानासारखा चपटा आणि काळा, त्यावर पांढरा पट्टा. २७ नग.
ब) काळपट, अ पेक्षा जरा लहान, मिशा बारीक आणि त्यांवर लांब लांब केस. १३ नग.
क) काळे, बुटके, चपटे, एक मिलिमीटरच्या आतले. पहिले दोन निघून गेल्यावर चार-पाच दिवसांनी निघाले. ९ नग.
ड) तपकिरी, पुढचे पंख धुरकट. ३ नग.

याशिवाय पिठ्या ढेकूण असलेला एक अख्खा घड बरणीत ठेवला होता. त्यात शेपटीला दोन पांढरे धागे असलेले नाजूक उडते कीटक भरपूर निघाले आणि उड्या मारणारे चार-पाच काळसर कीटकही.

मोबाईलवरच्या ओळखणाऱ्या ॲपने सगळ्यांना नुसतं ‘चाल्सिड’ (बारीक गांधीलमाश्यांचा एक गट) म्हणून सोडून दिलं. यातले पिठ्या ढेकूण मारणारे कोणते आणि त्यांना मारणारे कोणते, हे कसं ठरवायचं? आणि त्यावरून फवारणी थांबवावी का?

कीटकवही

दादा, एका कॅप्सूलमध्ये एक ममी ठेवलीत आणि नग मोजलेत, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर देता येतंय. नाहीतर इथे नेहमी एका बरणीचा फोटो येतो आणि त्यावर कोणालाच काही बोलता येत नाही.

सुरुवात पंखांपासून करा. गांधीलमाशीच्या गोतातले पंखवाले परोपजीवी, म्हणजे दुसऱ्या कीटकात वाढून त्याला मारणारे, चार पंखांचे असतात. मागची जोडी लहान असते आणि पुढच्या पंखाला अडकलेली असते, म्हणून सुईने हलकेच फाकवून बघायची. बरणीतले दोन धागेवाले कीटक बघा, त्यांना पंखांची एकच जोडी सापडेल. ते परोपजीवी नाहीतच, ते पिठ्या ढेकणाचे नर. त्यांना तोंड नसतं, ते काही खात नाहीत आणि फार जगतही नाहीत. बागेत ते उडताना दिसले की ‘मित्रकीटक वाढले’ असा समज होतो, प्रत्यक्षात ती पिठ्या ढेकणाची पुढची पिढी तयार होत असल्याची खूण असते.

आता चार पंखवाले. पुढच्या पंखाच्या वरच्या कडेने एकच शीर जाते, तिला शेवटी छोटा फाटा फुटतो, बाकी पंख मोकळा. मिशी कोपरासारखी वाकलेली. हे दोन्ही जुळलं की चाल्सिड गट नक्की. ॲप चुकलेलं नाही, पण ते इथेच थांबतं आणि आपलं काम इथून पुढे सुरू होतं. पंखावर शिरांची जाळी आणि कप्पे दिसले असते तर तो इक्न्युमॉन किंवा ब्रॅकॉन कुळाचा निघाला असता. ती कुळं अळ्यांवर जास्त, पिठ्या ढेकणात त्यांचं काम नाही.

चाल्सिडमधलं एन्सर्टिडी कुळ पिठ्या ढेकणासाठी सगळ्यात महत्त्वाचं. त्याच्या खुणा, १० पटीत दिसतील त्या आधी:

जिवंत असताना ब्रशच्या टोकाने डिवचा. चालता चालता एकदम टुणकन उडी मारतो. ही उडी मधल्या पायाची. मधल्या पायाच्या नडगीच्या टोकाला जाड, लांब काटा असतो, तो कुशीवर झोपवलेल्या मेलेल्या नगात सहज दिसतो. छातीची बाजू, म्हणजे मधल्या आणि मागच्या पायाच्या वरचा भाग, एका सलग फुगीर ढालीसारखी असते. तिच्यावर आडवी-उभी रेघ नसते.

२० पट भिंग मिळालं तर पोटाच्या दोन्ही बाजूंना लांब केसांचा एकेक झुबका बघा. बाकीच्या कुळांत हे झुबके पोटाच्या अगदी शेवटी असतात, एन्सर्टिडीत ते पुढे, पोटाच्या मध्यापर्यंत सरकलेले असतात. ही खूण एकदा डोळ्यात बसली की पुन्हा चूक होत नाही.

तुमचे अ आणि ब माझ्या मते एकाच जातीचे आहेत. अ मादी, ब नर. अॅनागायरस या प्रजातीत मादीच्या मिशीचा बुडखा चपटा, रुंद आणि काळा-पांढरा असतो, नर मात्र काळपट आणि मिशीवर लांब केसांचा. दोघं शेजारी ठेवले तरी एका जातीचे वाटत नाहीत, त्यामुळे दोन वेगळ्या जाती म्हणून नोंद होते आणि सगळा हिशोब बिघडतो. आपल्याकडे द्राक्षावरच्या गुलाबी पिठ्या ढेकणात अॅनागायरस डॅक्टिलोपी ही जात नेहमीची. तरी भिंगावरून मी फक्त ‘अॅनागायरस’ एवढंच लिहीन, जातीचं नाव स्लाइड केल्याशिवाय लिहू नये.

एक सावधगिरी. मधाचा रंग ही ओळख नव्हे. लेप्टोमॅस्टिक्स डॅक्टिलोपी हाही मधाच्याच रंगाचा, त्याच कुळातला. लिंबूवर्गीय पिकांच्या पिठ्या ढेकणासाठी तो १९८३ मध्ये त्रिनिदादहून भारतात आणला गेला. त्याच्या मिशीचा बुडखा लांब, काडीसारखा गोल, चपटा नाही. दोघांच्या नावात ‘डॅक्टिलोपी’ आहे, कारण पिठ्या ढेकणांना पूर्वी डॅक्टिलोपियस म्हणत. या सारख्या नावांमुळे बोलताना आणि लिहिताना फार गोंधळ होतो, तेव्हा पहिलं नाव पूर्ण लिहीत जा.

क आणि ड बद्दल आणखी माहिती हवी. क च्या मिशीचं टोक, पंखावर केस आहेत की नाहीत आणि पोट छातीला कसं जोडलंय ते बघा. ड च्या पंखावरचा धूर सलग आहे की आडवे पट्टे आहेत, आणि पाठीवर, छातीच्या मागच्या टोकाशी, ताठ केसांचा झुबका आहे का ते बघा.

सालकाढणी

कीटकवहींनी परोपजीवीचं सांगितलं, पण त्याच्या आधी यजमान, म्हणजे परोपजीवी ज्याच्यात वाढतो तो ढेकूण, कोण ते पक्कं करा. द्राक्षावर एकच पिठ्या ढेकूण नसतो आणि परोपजीवी यजमान बघूनच येतो.

ममी झालेल्यांवरून हे ठरवता येत नाही, शेजारचे जिवंत, मोठे नग घ्या. पांढऱ्या कागदावर टाचणीने फोडा.

गुलाबी पिठ्या ढेकूण, म्हणजे मॅकोनेलिकॉकस हिर्सुटस: आतून लालसर-गुलाबी पाणी, अंडीही गुलाबी, कडेला मेणाचे काटे जवळजवळ नाहीत. नाशिक पट्ट्यातला मुख्य हाच.
निपीकॉकस विरिडिस: वरचं मेण जाड, पिवळट आणि चिकट, आतला रंग काळसर जांभळा.
फेरिसिया विरगाटा: शेपटीला दोन लांब धागे, अंगावर काचेच्या काड्यांसारखे तंतू.
प्लॅनोकॉकस सिट्री: कडेने आखूड काट्यांची झालर, पाठीच्या मध्यावर एक फिकट रेघ.

मादीच्या शेपटीचे धागे आणि कीटकवहींनी सांगितलेल्या पंखवाल्या नराचे धागे यांत घोटाळा नको. फेरिसियाच्या मादीला पंख नसतात.

हा भेद कामाचा आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला पहिल्यांदा सापडला. त्याची नेमकी ओळख पटली म्हणूनच त्याचा खास शत्रू ॲसेरोफॅगस पपायी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून आणता आला. तोही एन्सर्टिडीच. यजमानाचं नाव चुकलं असतं तर भलताच परोपजीवी आणला गेला असता.

द्राक्षबाग_दिंडोरी

टाचणीने दहा नग फोडले. दहाही लालसर-गुलाबी, अंडी गुलाबी, काटे नाहीत.

धागेवाल्यांना पंखांची एकच जोडी आहे. नर निघाले.

क: मिशीचं टोक लांबट गोळ्यासारखं, त्यात सांधा दिसत नाही. पंख काचेसारखे स्वच्छ, आतल्या भागात केस दिसत नाहीत, कडेला मात्र झालर आहे. कंबर अशी नाहीच, पोट छातीला रुंद चिकटलेलं.

ड: पंखाचं बूड स्वच्छ, तिथून पुढे सलग धुरकट. पाठीवर काळ्या केसांचा झुबका आहे. बोटाने हात लावला तर हा पण उडी मारतो.

कीटकवही

आता स्पष्ट झालं.

क हा सिग्निफोरिडी कुळातला, बहुतेक चार्टोसेरस. अखंड गोळ्याची मिशी, उघडा पंख, रुंद जोडलेलं पोट, या तीन खुणा एकत्र दुसऱ्या कशात येत नाहीत. हा पिठ्या ढेकणाला मारत नाही. ममीच्या आत जी अॅनागायरसची अळी वाढत असते, तिला खातो. तो उशिरा निघाला यालाही कारण आहे. आधी मित्राची अळी वाढावी लागते, मग याची वाढ होते.

ड हा चायलोन्यूरस किंवा त्याच्या अगदी जवळचा. हाही दुय्यम, अॅनागायरसवर जगणारा. पण हा एन्सर्टिडीच आहे, उडीही मारतो. म्हणून कुळ ओळखलं म्हणजे भूमिका ओळखली असं समजू नका. पंखाचे पट्टे मी मुद्दाम विचारले होते. लेप्टोमॅस्टिडिया नावाच्या एन्सर्टिडीच्या पंखावर आडवे गडद पट्टे असतात आणि तो पिठ्या ढेकणाचा खरा शत्रू. नुसतं ‘पंख काळपट’ एवढ्यावर त्यालाही दुय्यम ठरवलं जातं.

हिशोब असा: ५२ पैकी अ आणि ब मिळून ४० मित्र. क आणि ड मिळून १२ दुय्यम, म्हणजे २३ टक्के. त्या १२ ममीही मुळात अॅनागायरसनेच केलेल्या होत्या, तेव्हा पिठ्या ढेकूण मेले ते ५२. पुढच्या पिढीला मित्र मिळाले ते ४०. दोन्ही आकडे वेगळे लिहून ठेवा, दोन्हींचा उपयोग वेगळा आहे. माद्या २७ आणि नर १३, हे प्रमाण चांगलं आहे. नर जास्त निघाले असते तर ढेकूण लहान असताना अंडी घातली गेली किंवा माद्यांना नर भेटले नाहीत अशी शंका आली असती. या गोतात फलन न झालेल्या अंड्यातून नर होतो, आणि लहान यजमानात मादी नराचीच अंडी जास्त घालते.

बरणीतल्या उड्या मारणाऱ्या काळसर नगांबद्दल एक शंका आहे. त्या घडावर पांढऱ्या, केसाळ कापसाच्या, भराभर चालणाऱ्या अळ्या होत्या का?

द्राक्षबाग_दिंडोरी

होत्या. मला ते मोठे पिठ्या ढेकूणच वाटले. दोन-तीन देठाला चिकटून सुकल्यासारख्या झाल्या होत्या, आता बघितलं तर त्यांना बारीक भोकं आहेत, एकेकीला तीन-चार.

कीटकवही

त्या ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) अळ्या. क्रिप्टोलेमस किंवा स्किम्नस. अंगावर पांढरं मेण असल्याने त्या हुबेहूब पिठ्या ढेकणासारख्या दिसतात, पण उचलून उलटी केली की पुढे तीन जोड्या ठळक पाय आणि चावरं तोंड दिसतं, शिवाय ती पळते. पिठ्या ढेकूण इतका पळत नाही. या अळ्या ‘मिलीबग वाढला’ म्हणून फवारून मारल्या जातात याचं मला फार वाईट वाटतं. दिसायला घाण वाटणारी ती अळी दिवसभर पिठ्या ढेकणाची अंडी खात असते.

सुकलेल्या अळीला तीन-चार भोकं म्हणजे तिच्यातून होमॅलोटायलस निघाला. हा ढालकिड्याच्या अळ्यांवर जगणारा एन्सर्टिडी. म्हणजे तुमच्या एकाच बागेत एकाच कुळाचे तीन जण तीन वेगळी कामं करताहेत: एक पिठ्या ढेकूण मारतो, दुसरा त्या मारणाऱ्याला मारतो, तिसरा ढालकिड्याला मारतो. अख्खा घड बरणीत ठेवला की हे तिन्ही एकत्र निघतात आणि कोण कशातून आला ते कळायला मार्गच राहत नाही. म्हणून एक ममी, एक डबी. आणि ममी डबीत टाकण्याआधी तिचा फोटो.

नमुनाबाटली

वाढवण्याच्या पद्धतीत जिथे हमखास चुकतं ते लिहितो.

कॅप्सूल: जिलेटिनची शून्य-शून्य मापाची रिकामी कॅप्सूल चालते, औषधाच्या मोठ्या दुकानात मिळते. आत ओला कापूस अजिबात नको, जिलेटिन मऊ पडतं आणि कीटक भिंतीला चिकटून मरतो. पावसाळ्यात कॅप्सूल वापरूच नका, तेव्हा होमिओपॅथीच्या गोळ्यांची एक ड्रॅमची काचेची बाटली घ्या. तोंडाला सैल कापसाचा बोळा नको, पाय अडकून मोडतात. बोळ्यावर आतल्या बाजूने टिश्यू पेपर गुंडाळून घट्ट बसवा. मलमलीच्या कापडातून क सारखा एक मिलिमीटरच्या आतला कीटक आरामात निघून जातो. मग वहीत दुय्यम परोपजीवी शून्य दिसतात आणि आपण समाधानी राहतो.

ओलावा: फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी की ममी आतून वाळते. बाटल्या वापरत असाल तर झाकणाच्या डब्यात तळाला मिठाचा ओला, गिच्च लगदा ठेवा आणि वर जाळीवर बाटल्या. खाली न विरघळलेलं मीठ आणि थोडं पाणी दोन्ही दिसत राहिलं पाहिजे. असा लगदा बंद डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास धरून ठेवतो. नुसतं पाणी ठेवलं की बुरशी येते.

तापमान: २५ ते २८ अंश. निफाडकडे जानेवारीत रात्रीचा पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो. ओट्यावर किंवा पडवीत ठेवलेल्या ममीतून काही निघेना म्हणून आठवड्यात फेकून देऊ नका, थंडीत वाढ लांबते. घरातल्या उबदार खोलीत ठेवा, खिडकीच्या उन्हात नको, बंद काचेत ऊन लागलं की अर्ध्या तासात सगळं संपतं.

नोंद: रोज एकदा, ठरलेल्या वेळी बघा. कुठल्या तारखेला कुठल्या क्रमांकातून काय निघालं ते लिहा. लवकर निघालेले आणि उशिरा निघालेले वेगळे दिसले की दुय्यम परोपजीवीचा पहिला सुगावा तिथेच लागतो. दादांनी ‘चार-पाच दिवसांनी निघाले’ हे लिहिलं नसतं तर क कडे इतकं लक्ष गेलं नसतं.

किती टक्के ढेकूण परोपजीवीने धरलेत हे काढायचं असेल तर नुसत्या ममी मोजू नका. नुकतंच अंडं पडलेला ढेकूण वरून निरोगी दिसतो. दहा ठिकाणचे मिळून १०० मोठे जिवंत नग घ्या, सालीच्या तुकड्यासह किंवा मोडाच्या बटाट्यावर १२ दिवस ठेवा आणि त्यातल्या किती ममी होतात ते बघा. झाडावर मोजून आलेला आकडा नेहमी कमी असतो.

फोटो: कीटक डीप फ्रीजरच्या कप्प्यात दोन तास ठेवला की मरतो आणि अंगही नीट राहतं. मग पांढऱ्या कागदावर, शेजारी आलेखाच्या कागदाचा एक मिलिमीटरचा चौकोन. चार फोटो हवेत: वरून, कुशीवरून, मिशीचा, उघडलेल्या पंखाचा. मोबाईलचा फ्लॅश थेट नको, चमकदार अंगावर पांढरा डाग पडतो. दिव्यासमोर टिश्यू पेपर धरा.

ठिबकवाला_निफाड

फवारणीचं मी सांगतो, कारण ११० दिवसांच्या बागेत खरा प्रश्न तोच आहे.

५२ मधून ४० मित्र निघत असतील तर ममी दिसणाऱ्या झाडांवर सरसकट फवारा मारायची गरज नाही. फवारा सालीखालच्या ढेकणापर्यंत पोचत नाही, वर फिरणाऱ्या अॅनागायरसला मात्र आधी लागतो. भुरी रोगासाठी गंधकाची धुरळणी करत असाल तर तीही या बारीक कीटकांना मारक ठरते. ब्युप्रोफेझिनसारखं कात टाकण्यावर काम करणारं औषध परोपजीवीच्या प्रौढांना तुलनेने सौम्य, पण ढालकिड्यांच्या अळ्यांना घातक. म्हणजे ‘मित्रकीटकांना सुरक्षित’ असं एका शब्दात कुठलंच औषध नसतं, कुठल्या मित्राला ते विचारावं लागतं. आणि माल निर्यातीचा असेल तर काहीही मारण्याआधी मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या अॅनेक्श्चर ५ या औषधांच्या यादीत नाव आणि काढणीपूर्वीचे दिवस तपासा. या टप्प्यावर घडावर साबणाचं पाणीही नको, मण्यावरची पावडर जाते.

आता करण्यासारखं काम मुंग्यांचं. ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी मुंगळे तिथे पहारा देतात आणि अंडी घालायला आलेल्या परोपजीवीला हुसकतात. एकाच ओळीत मुंग्या असलेली आणि नसलेली झाडं बघा, ममींच्या संख्येतला फरक डोळ्यांना दिसतो. खोडाला जमिनीपासून दीड फुटावर आधी रुंद प्लॅस्टिकची टेप गुंडाळायची, तिच्यावर चिकट पदार्थाचा चार बोटं रुंद पट्टा. थेट सालीवर लावू नका, साल खराब होते आणि सालीच्या भेगांतून मुंग्या खालून जातातच. म्हणून टेपखालची सुटी साल आधी खरवडून घ्या.

पट्टा लावूनही मुंग्या वर दिसतात तेव्हा त्यांचे पूल शोधा: खोडाला टेकलेली ठिबकची नळी, मांडवाचे खांब आणि तारा, जमिनीला टेकलेली काडी, उंच वाढलेलं गवत. यातला एक राहिला तरी पट्टा वाया. खांबालाही पट्टा लागतो, हे बहुतेक जण विसरतात.

फार लडबडलेले घड हाताने काढून टाका, ते तसेही विकले जात नाहीत. क्रिप्टोलेमस सोडायचे तर हेक्टरी ५ हजार भुंगेरे, संध्याकाळी, आणि ज्या झाडांवर ढेकूण आहे तिथेच. त्याआधी मुंग्या आवराच.

सालकाढणी

एक भर. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर सुटी साल काढून जाळतात. पद्धत बरोबर आहे, पण त्या सालीत ममीही असतात. साल काढल्यावर जिवंत ढेकूण आणि अंड्यांचे पुंजके असलेली साल बाजूला काढून नष्ट करा. ममींची साल कागदी पिशवीत, तोंड उघडं ठेवून, मुंग्या चढणार नाहीत अशा तारेला टांगा. दोन आठवड्यांनी पिशवी जाळा.

नमुनाबाटली

सालकाढणी, यात दुय्यमही बागेत परत जातील. २३ टक्के आहेत.

सालकाढणी

जातील, पण ते आधीच त्याच बागेत होते, बाहेरून आणत नाही. जाळलं तर १२ दुय्यमांसाठी ४० मित्र जातात. दुसऱ्याच्या बागेत न्यायच्या असतील तर मात्र ममी अजिबात नेऊ नका. तेव्हा कॅप्सूलमधून निघालेले, भिंगाखाली तपासलेले अ आणि बच न्यायचे. दुय्यमांचं प्रमाण निम्म्याच्या वर गेलं तर मीही पिशवी टांगणार नाही.

नमुनाबाटली

हे पटलं.

नमुना तपासायला पाठवायचा असेल तर: बेंगळुरूचा राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो किंवा पुण्यात आकुर्डीला असलेलं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र. एका प्रकारचे किमान पाच नग, माद्या आणि नर दोन्ही. भारतातल्या एन्सर्टिडीवर अलिगढच्या मोहम्मद हयात यांनी जे काम करून ठेवलंय त्याच्या आधारे जात ठरवतात, आणि ती बहुतेक मादीच्या मिशी-पंखांवरून ठरते. नुसते नर पाठवले तर उत्तर प्रजातीपर्यंतच येतं.

७० टक्के अल्कोहोलमध्ये रचना नीट राहते, डीएनए करायचा असेल तर ९५ टक्के आणि फ्रीजमध्ये. हँड सॅनिटायझरचा जेल नको, त्यातून कीटक साफ करता येत नाही. बाटली काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडा राहिला तर प्रवासात तो मागे-पुढे होऊन मिशा तोडतो. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका, बाहेर चिकटवलेली अल्कोहोल सांडलं की पुसते. चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख, पीक, यजमान आणि कॅप्सूलचा क्रमांक. ज्या ममीतून निघाला ती रिकामी ममीही त्याच बाटलीत. परदेशातल्या कोणी ओळखून देतो म्हटलं तरी जैवविविधता कायद्याखाली परवानगी असल्याशिवाय नमुना टपालाने बाहेर पाठवू नका.

द्राक्षबाग_दिंडोरी

पट्टे खांबांसकट लावले. ठिबकची नळी तीन ओळींत खोडाला टेकलेली निघाली, ती उचलून बांधली.

उरलेल्या १२ न उघडलेल्या ममी सुईने फोडल्या. ५ मध्ये पूर्ण तयार झालेले अ सारखे मेलेले कीटक, वाळून कडकडीत. ३ मध्ये नुसता वाळलेला तपकिरी चुरा. ४ मध्ये काळे, बुटके कोष, त्यातले दोन हलतात.

कीटकवही

५ वाळलेले म्हणजे नमुनाबाटली म्हणाले तो कोरडेपणा, पुढच्या वेळी बाटल्या आणि मिठाचा डबा. चुऱ्यावरून काही ठरत नाही, त्या ३ हिशोबातून वगळा. काळे बुटके चार बहुधा चार्टोसेरसच, उशिरा निघणारे. हलणारे दोन तसेच बाटलीत ठेवा आणि निघाल्यावर मिशीचं टोक बघून मगच वहीत लिहा. चारही क निघाले असं धरलं तर ६१ पैकी ४५ मित्र आणि १६ दुय्यम होतात, म्हणजे दुय्यम २६ टक्के. लवकर मोजणी बंद केली की दुय्यम नेहमी कमी दिसतात ते असं. खरड छाटणीच्या वेळी सालीतल्या ६० ममी पुन्हा याच पद्धतीने ठेवा आणि तो आकडा इथे टाका, पिशवी टांगायची की जाळायची ते त्यावर ठरवू.